आठ दिवसांचा वाघ

थोरल्या लेकीच्या, भागूच्या पोटावर पहिला फोड दिसला सोमवारी, आणि बुधवारपर्यंत धाकट्या शिवूच्याही अंगभर कांजिण्या फुटल्या. नारायणगावच्या डॉक्टरीणबाईंनी दोघांना तपासलं, खाजेवरचं औषध लिहून दिलं आणि कागद पुढं सरकवता सरकवता त्यांची नजर पोरांच्या आईवर, अक्षदाच्या पोटावर गेली.

"कितवा?"

"चौथा सरत आला."

"तुम्हाला लहानपणी येऊन गेल्यात ना कांजिण्या?"

अक्षदानं नवऱ्याकडं बघितलं. सुदर्शनला तिची भाजीतल्या मिठापासून झोपेतल्या कुशीपर्यंत सगळी माहिती. पण आठ वर्षांच्या संसाराआधीची ही बाई कशी होती, हे त्यानं कधी विचारलंच नव्हतं.

"येऊन गेल्या असतील तर घाबरायचं कारण नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "नसतील तर आईलाही जड जातं आणि बाळालाही. रक्त पुण्याला पाठवते. शनिवारी संध्याकाळी रिपोर्ट येईल. नाही असं आलं तर लगेच पुण्याला जाऊन इंजेक्शन घ्यायचं. तोवर पोरांपासून लांब राहा."

सुदर्शनची वारूळवाडीला टोमॅटो-मिरचीच्या रोपांची नर्सरी. एखाद्या ट्रेमध्ये रोग दिसला की तो ट्रे उचलून बाजूला, हा त्याचा ठरलेला नेम. इथं रोगट दोघं घरात आणि निरोगी रोप तेवढं बाजूला काढायचं होतं. अक्षदाची रवानगी नर्सरीच्या खोलीत झाली, बियाण्याच्या पाकिटांशेजारी. सुदर्शनला स्वतःला सातव्या वर्षी कांजिण्या येऊन गेलेल्या, नाकाच्या शेंड्यावरचा खळगा त्याची साक्ष. म्हणून पोरांसोबत घरात तो राहिला. आणि पहिलं काम काय केलं, तर स्वयंपाकघराच्या खिडकीला नर्सरीतली बारीक जाळी ठोकली.

शेवग्याखाली उपड्या क्रेटवर बसून अक्षदा बघत होती. "अवो, कांजिण्या काय पांढरी माशी हाय का, जाळीला अडायला?"

"असू दे. मला बरं वाटतंय."

"मग ठोका."

तासाभरात महाळुंगे पडवळहून बयाबाई आली, अक्षदाची आई. पिशवीतून कडुलिंबाचा डहाळा काढून तिनं तो पोरांच्या उशाशी लावला, कांजिण्यांच्या घरात फोडणी द्यायची नाही असं बजावलं, आणि जावयानं विचारायच्या आत छाती पुढं काढून सांगितलं, "हिला? हिला कुठल्या आल्यात! पाच वर्षांची व्हती. आमच्या आळीत घराघरात बाया आलेल्या, ह्याच कांजिण्या. मी हिला वारंसुद्धा लागू दिलं न्हाई. उचलली आन् मढला भावाच्या घरी धाडली. अख्ख्या गावात एक माझीच पोर कोरी राहिली."

सुदर्शननं जाळीत आणखी एक खिळा ठोकला. चोवीस वर्षं बयाबाई ज्या गोष्टीचा तोरा मिरवत आली, तीच आज नको होती.

घरात दिवस लांबच लांब होत गेले. खाजवू नका म्हटलं की दोघं जास्तच खाजवत. नाकावरचा खळगा दाखवून त्यानं भीती घातली, तर भागूनं त्यात करंगळी घालून बघितली आणि विचारलं, "दुखतं का? याच्यात पाणी साचतं का?" शिवूला तर तसाच खळगा हवा झाला. शेवटी सुदर्शननं खाज आली की अंगावरचे फोड रोपांसारखे मोजायला लावले. भागू आकड्यांत हुशार, शिवू एकोणीसनंतर थेट पन्नासवर जायचा. मग भांडण. मग रडणं. मग "आई पाहिजे."

आई दहा पावलांवर क्रेटवर बसलेली. शुक्रवारी दुपारी शिवू जाळीला नाक लावून हमसायला लागला तेव्हा ती म्हणाली, "गप, माझ्या राजा. मी बी अशीच कोंडलेली व्हते, तुझ्याएवढी असताना. मामीकडं, मढला."

"का?"

"वाघ आला व्हता. मामीनं आठ दिवस उंबऱ्याबाहेर पाय टाकू दिला न्हाई. आतल्या खोलीत मी आन् एक करडू."

तिकडं बिबट्याला सगळे वाघच म्हणतात, त्यामुळं यात नवल नव्हतं. पण आत बसून बसून सुदर्शनचं डोकं भलत्याच गोष्टी उकरायला लागलं होतं.

"मामीची पोरं बी कोंडलेली का?"

"न्हाई. ती जायची की शाळंत."

"शेरडं?"

"चरायला जायची."

"म्हंजे वाघ सगळ्या गावाला सोडून तुझीच वाट बघत बसलेला?"

अक्षदा हसली आणि मग हसता हसता थांबली. "आन् जेवाय काय द्यायची?" त्यानं विचारलं.

"दहीभात. नुसता. मला लई राग यायचा, पोरं तिखट कालवण भुरकायची…" ती उठून उभी राहिली. दोघांनी एकाच वेळी चुलीपाशी बसलेल्या बयाबाईकडं बघितलं. ती बिनफोडणीचं वरण ढवळत होती.

सुदर्शननं फोन हळूच मोरीत नेला आणि मढला लावला. ठकूबाई मामीनं सगळं ऐकून घेतलं, पोटातल्या बाळाचं, इंजेक्शनचं, बयाबाईच्या तोऱ्याचं. 

"बया तिथंच हाय का?" तिनं विचारलं.

"हाय."

"मग उद्या येते. हे फोनवर बोलायचं न्हाई."

शनिवारी दुपारी ठकूबाई आली. पाणी घेतलं नाही, बसलीही नाही. "वन्सं," ती बयाबाईला म्हणाली, "तू मला पोर कोरी दिली व्हतीस. तिसऱ्या दिवशी तिच्या पाठीवर फोड उठला. माझ्या पोरांना आदीच येऊन गेलेल्या, तिनं घरनंच आणल्या व्हत्या. पर तू म्हनली असतीस, ठकूनं माझी पोर बघितली न्हाई. म्हनून वाघाचं नाव पुढं केलं. पोरीला घरात ठेवायचं, आन् तिनं कुनाला सांगायचं न्हाई… दुसरं काय सुचंना."

चुलीवरचं वरण उतू गेलं तरी बयाबाई हलली नाही.

"चोवीस वर्षं," ती म्हणाली, "मी गावभर सांगत फिरले, हिला जपली म्हनून!"

"मग? जपलीच की. जपायलाच दिली व्हतीस ना माझ्याकडं?" ठकूबाईनं अक्षदाची मान वाकवली. "उजव्या कानामागं, केसांत. तिथली खपली हिनं झोपंत काढली. माझा डोळा लागला व्हता तेवढ्यात."

वाटाण्याएवढा खळगा होता. आठ वर्षं ज्या केसांतून सुदर्शनचा हात फिरला, त्याच केसांत.

तरी त्यानं रिपोर्ट येईस्तोवर जाळी काढली नाही. संध्याकाळी डॉक्टरीणबाईंचा फोन आला. "येऊन गेलेल्या आहेत. जा घरात खुशाल." मग त्यानं खिळे न उपटता जाळीच फाडली, आणि अक्षदा दार उघडं असताना खिडकीशीच धावली. पोरं तिच्या गळ्यात पडली. भागूनं आईचा कान मुडपून मागच्या खळग्यात करंगळी घातली. "पप्पांच्यापेक्षा खोल हाय," तिनं जाहीर केलं. शिवूला वाघाचं काय झालं ते हवं होतं.

बाहेर दोघी म्हाताऱ्या ओट्यावर बसलेल्या. बयाबाईचं तोंड दुसरीकडं. मग तिनं पदरानं नाक पुसलं.

"ताप किती व्हता गं?"

"दोन दिवस लई. मग उतरला."

"रडली?"

"रातीची."

"माझं नाव घ्यायची?"

"पयले दोन दिवस. मग तिला करडू दिलं."

बयाबाई तिच्याकडं सरकून बसली.

"कसल्या रंगाचं व्हतं?"