अण्णाजींची मोटार भरकटते काऊन?

कल्पना करा, तुम्ही एका काळ्या ॲम्बेसेडर मोटारीत पुढच्या सीटवर बसला आहात. समुद्रपूरहून हिंगणघाटकडे जाणारा सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना फुटलेली कपाशी. ड्रायव्हरचे दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट आहेत. तरीही मोटार आपल्याच मनाने डावीकडे सरकते. ड्रायव्हर सावरायला जातो, तर ती एकदम उजवीकडे झेपावते. आणि समोरून एस.टी. येते आहे! आता तुमचा हात आपोआप दाराच्या कडीकडे गेला असेल. माझाही गेला असता.

१९७८ सालच्या हिवाळ्यातली ही गोष्ट. मोटार समुद्रपूरच्या अण्णाजींची, आणि ती भाड्याने चालवायचा गोमाजी. ड्रायव्हर झाल्यापासून त्याच्या हातून रस्त्यावरच्या कोंबडीलाही धक्का लागला नव्हता. पण दिवाळीनंतर मोटार अशी भरकटू लागली आणि तिच्यात बसणारे कुजबुजू लागले. कोणी म्हणे, गोमाजीची नजर गेली. कोणी म्हणे, तो सकाळीच घेऊन येतो. गोमाजी चहापलीकडे काही पीत नसे, पण हे कोण कोणाला सांगणार?

अण्णाजींनी जन्मभर बैलगाडी हाकली होती, मोटार अलीकडची. बैलगाडी एका अंगाला ओढू लागली की बैलांच्या जागा बदलून पाहतात. डावा उजवीकडे, उजवा डावीकडे. अण्णाजींनी मोटारीच्या पुढच्या दोन चाकांचं तेच केलं. मोटार तशीच डुलत राहिली. मग हिंगणघाटहून ताराचंद मिस्त्री आला. त्याने स्टिअरिंगचे सगळे सांधे हलवून पाहिले, एक झिजलेला होता तो बदलला. तरी मोटार तशीच.

अण्णाजी ओट्यावर बसले होते, ताराचंद शेजारी हत्यारं आवरत होता. ते म्हणाले, "चाकं बदलवली, सांधा बदलवला. आता बदलाचा एकच पुर्जा राह्यला. डायवर."

"अण्णाजी, माह्या हातात खोट नाई," गोमाजी म्हणाला.

"मंग काय मोटार दारू पिऊन राह्यली? उद्या सेलूचा एक पोरगा येते. चाबी त्याले देजो."

गोमाजीचा चेहरा उतरला. त्याला दुसरं कोणतंच काम येत नव्हतं. त्याची मुलगी जिजा त्याचा डबा घेऊन आली होती. तिने हे सगळं ऐकलं. जिजा अकरा वर्षांची, आणि तिचं 'काऊन', म्हणजे 'का', काही केल्या संपत नसे. घरचे कधीकधी कंटाळून जात. डबा खाली ठेवून तिने विचारलं, "बा, मोटार डावीकडं कधी जाते?"

"कधीबी जाते, पोरी."

"कधीबी म्हंजे कधी? आठवून सांग ना."

गोमाजी रागावणारच होता, पण थांबला. तो ओट्याच्या कडेवर बसला, डोळे मिटले, हात पुढे धरले आणि पाय हलवू लागला, जणू मोटारच चालवतो आहे. ताराचंद हसू लागला. थोड्या वेळाने गोमाजी म्हणाला, "पाय दाबला, मोटारीनं जोर घेतला, की डावीकडं. पाय उचलला की उजवीकडं."

"म्हंजे ते हातानं नाई, पायानं वळून राह्यली!"

"वा गं बाई," ताराचंद म्हणाला, "आता पायात स्टेरिंग बसवून देऊ काय तुह्या बाले?"

"भाऊ, पाय दाबला की इंजिन कोनती चाकं फिरवते?"

"मागची."

"मंग मागची काऊन नाई पाह्यली?"

"मागच्या चाकाले स्टेरिंग असते काय, येडे?"

अण्णाजींनीही मान हलवली. "खोट पुढंच असंन. वढणारा पुढंच राह्यते."

मुलांनो, इथे क्षणभर थांबा. अण्णाजींचं चुकलं कुठे? बैलगाडीत ओढणारे बैल पुढे असतात, म्हणून खोट शोधणारा पुढेच पाहतो. पण या मोटारीला कोणी ओढत नव्हतं. तिला मागची चाकं ढकलत होती. तुम्ही जड पेटी मागून ढकलता तेव्हा एका हाताचा जोर थोडा आधी लागला, तर काय होतं? पेटी तिरकी होते. जिजाच्या मनात हेच आलं असावं.

ती म्हणाली, "मागची चाकं जागच्या जागी घट्ट हायेत का, ते पाहू."

कसं पाहायचं, तेही तिनेच ठरवलं. तिने मागच्या दोन्ही चाकांपुढे एकेक वीट ठेवली, म्हणजे चाकांना पुढे जाता येऊ नये. मग ती उजव्या चाकाजवळ बसली आणि ओरडली, "ढकला!" गोमाजीने आणि ताराचंदने मागून जोर लावला. चाक हललं नाही, त्याच्यावरचा पत्राही हलला नाही. जिजा डाव्या चाकाकडे गेली. "ढकला!" चाक विटेला टेकून तसंच उभं राहिलं, पण वरचा पत्रा बोटभर पुढे सरकला. जोर सोडला, तर पत्रा मागे आला.

"पुन्हा ढकला," या खेपेला ताराचंद म्हणाला आणि तिच्याजवळ येऊन बसला. गोमाजी आणि अण्णाजी दोघांनी मिळून ढकललं. पत्रा पुन्हा सरकला. ताराचंदचं हसू थांबलं. पाना घेऊन तो मोटारीखाली शिरला.

मोटारीचा मागचा दांडा, ज्याच्या टोकांना चाकं असतात, तो स्प्रिंगच्या लोखंडी पाट्यांना बांधलेला असतो. त्याला आवळून धरणारे डाव्या बाजूचे नट ढिले झाले होते. जोर लागला की डावं चाक पुढे सरके, जोर सुटला की मागे. मागची दोन चाकं मग सरळ राहत नसत, आणि मोटार तिरकी निघे.

"अण्णाजी, यात एक पाटा नवा हाय," खालून आवाज आला. "अन् नट तेलानं माखून हायेत. हे कोनं केलं?"

अण्णाजींनी टोपी काढून डोकं खाजवलं. "डिकीत सरकीची पोती आणतो ना आपण, तं मोटार मागून बसे. दिवाळीत प्रेमदास लोहाराकून दोन्हीकडं एकेक पाटा वाढवून घेतला. बैलगाडीच्या आसाले तेल देतो, तसं म्या म्हटलं, याले बी दे, नटाले पाजून टाक."

"आस फिरते, म्हून त्याले तेल. नटानं फिराचं नसते, अण्णाजी!"

ताराचंदने नट पुसून काढले आणि सगळा जोर लावून आवळले. गोमाजीने मोटार काढली. अण्णाजी स्वतः त्याच्या शेजारी बसले, पण कडी धरूनच. बऱ्याच वेळाने दोघे परत आले. अण्णाजी खाली उतरले तेव्हा त्यांचा हात कडीवर नव्हता.

"पाय दाबला, सोडला, पुन्हा दाबला. नांगराच्या तासासारखी सरळ जाते," ते म्हणाले. मग जरा घुटमळून गोमाजीला म्हणाले, "चाबी तुह्याजवळच राहू दे. सेलूच्या त्या पोराले येऊ नको म्हून सांगतो."

गोमाजीने किल्ली खिशात टाकली आणि खिशावरून हात फिरवला. अण्णाजींनी सगळ्यांसाठी चहा सांगितला.

"चाल व जिजा, च्या घे," ताराचंदने हाक मारली.

जिजा जागची हलली नाही. "भाऊ, पाटा दोन्हीकडं टाकला होता ना? अन् तेलबी?"

"हो."

"मंग उजवीकडचे नट कोनं पाह्यले?"

ताराचंदने गोमाजीकडे पाहिलं, गोमाजीने अण्णाजींकडे.

तोवर जिजाने ओढणी कमरेला खोचली होती. तिने जमिनीवरचा पाना उचलला आणि उजव्या चाकाशेजारून मोटारीखाली शिरली.