मधल्या सुरांची जागा

मी की-बोर्ड बनवते म्हटलं की लोकांना कॉम्प्युटरचा वाटतो. वाजवायचा म्हटलं की विचारतात, पियानो असताना आणखी कशाला? पूर्वी मी समजावत बसायचे. आता सरळ सांगते, पियानोच्या दोन पट्ट्यांच्या मधेही सूर असतात, ऐकू येत नसतील तर कान तपासून घ्या. यावर आमचे भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, कपाळाला हात लावतात. विक्री त्यांच्याकडे आणि तोंड माझ्याकडे, अशी आमच्या घरच्या धंद्याची वाटणी आहे. नवरा बहुतेक वर्ष जहाजावर असतो, तो सुटला.

आमच्या वाद्याला काळ्या-पांढऱ्या पट्ट्या नाहीत. मधाच्या पोळ्यासारखी षटकोनी बटणं आहेत आणि सप्तकात बाराऐवजी एकतीस सूर. कुठल्या बटणाने कुठला सूर द्यायचा हे लॅपटॉपवर ठरतं, आणि ते ठरवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. नियम एकच. उजवीकडचं बटण नेहमी तेवढंच चढं, वरच्या ओळीतलं नेहमी तेवढंच. म्हणून एखादी चाल एकदा बोटांत बसली की ती कुठूनही सुरू करा, बोटांची नक्षी तीच राहते. पियानोवर सुरुवातीचा सूर बदलला की बोटांना सगळं नव्याने शिकवावं लागतं. इथे फक्त हात सरकवायचा.

बटणांची नवी रचना पास करण्याचं काम सासूबाईंचं. त्यांनी जन्मभर शिवणकाम केलं, पियानोला कधी बोट लावलं नाही, त्यामुळे हाताला त्याच्या खोडी लागलेल्या नाहीत. त्या डोळे मिटून बसतात आणि त्यांचे वडील रंधा मारताना गुणगुणायचे ती चाल वाजवतात. तिच्यातले निम्मे सूर पियानोवर नाहीतच. मग हात सरकवून तीच चाल आणखी वरून, मग खालून. जिथे सूर टोचतो तिथे त्या नुसती मान हलवतात आणि मी निमूटपणे लॅपटॉप उघडते. वाद्यांच्या प्रदर्शनात त्यांनाच वाजवायला बसवायचं, ही कल्पना भाऊजींची. सासूबाई वरवर नको नको म्हणाल्या आणि घरी रोज बोटं टेबलावर फिरवत राहिल्या.

प्रदर्शनाच्या दिवशी मी स्पीकरची वायर आणायला गेले होते. परतले तेव्हा आमच्या टेबलाभोवती चांगली गर्दी होती आणि सासूबाई वाजवत होत्या. तिसऱ्याच सुराला चाल वाकडी झाली. त्यांनी हात सरकवून दुसरीकडून धरली, तर आणखी वाकडी. त्यांनी डोळे उघडून स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. इतक्या वर्षांत मी त्यांना तसं पाहताना बघितलं नव्हतं. भाऊजी हसत हसत लोकांना म्हणाले, "आईचं वय झालंय, जरा समजून घ्या." लोकही हसले, अगदी प्रेमाने. सासूबाईंनी हात मांडीवर घेतले.

मी त्यांना मागच्या खोलीत नेलं. तिथे रिकाम्या खोक्यांचा ढीग होता, त्यातल्याच एका खोक्यावर त्या बसल्या. मी पाणी दिलं, ते त्यांनी हातातच धरून ठेवलं.

"धाकटीचं असंच सुरू झालं होतं," त्या म्हणाल्या. धाकटी म्हणजे त्यांची बहीण. शेवटी ती पोटच्या मुलांनाही ओळखत नव्हती. "आधी हातातलं काम गेलं, मग माणसं. उद्यापासून मला गॅसपाशी जाऊ देऊ नकोस."

मी काहीबाही बोलले. मीही घाबरलेच होते. त्यांना तिथेच बसवून बाहेर आले, कारण वाद्यापाशी कोणीच नव्हतं, आणि सहज म्हणून त्यांच्याच चालीची नक्षी माझ्या बोटांनी धरली. ती वाकडी वाजली. दोघींच्या बोटांना एकाच सकाळी विसर पडत नाही. मी लॅपटॉप उघडला. माझी रचना तिथे नव्हतीच. पियानोचे ओळखीचे बारा सूर मधल्या ओळीत सरळ मांडले होते आणि उरलेले एकोणीस खालच्या ओळींत कोंबून त्यांना नाव दिलं होतं, 'जादा'.

भाऊजी टेबलापाशी परतल्यावर विचारलं, तर त्यांनी लपवाछपवी केली नाही. बदल सकाळीच केला, म्हणाले. पियानोवाले येतात, ओळखीचं काही सापडलं नाही की बुजतात, बारा सूर सरळ दिसले तर घटकाभर टिकतात. आईला सांगायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणे. माझी सगळी मेहनत त्यांनी खालच्या ओळींत ढकलली होती, पण तेवढं मी एक वेळ गिळलं असतं.

"आई चुकायला लागल्या तेव्हा तरी कळलं ना तुम्हाला, का चुकताहेत ते?"

"कळलं," ते म्हणाले. "पण वहिनी, एवढ्या लोकांसमोर आपल्याच वाद्यात गडबड आहे म्हणून सांगायचं? म्हाताऱ्या माणसाचं लोक मनावर घेत नाहीत."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वाद्याची अब्रू राखायला त्यांनी स्वतःच्या आईला विसरभोळी ठरवलं होतं, आणि वर तो समजूतदारपणा वाटत होता त्यांना. वाद्य उचलून त्यांच्या डोक्यात घालावं असं वाटलं. आधी माझी रचना परत चढवली. मग सासूबाईंना आणायला गेले. रचना बदलली होती हे त्यांना पटेचना, उगाच समजूत घालू नकोस म्हणाल्या. शेवटी हाताला धरून आणलं.

त्यांनी डोळे मिटले. चाल मधून वाजली, स्वच्छ. वरून वाजली, खालून वाजली. एकही सूर टोचला नाही. मला वाटलं, आता हसतील. त्यांनी वळून मुलाकडे पाहिलं.

"म्हणजे तुला ठाऊक होतं."

भाऊजी हातातली वायर गुंडाळत राहिले.

"मी तिकडे खोक्यावर बसून माझंही धाकटीसारखंच होणार म्हणून रडत होते, आणि तुला इथे ठाऊक होतं."

"चुकलं, आई."

"मला नको सांगूस. हसून ज्यांना सांगितलंस ना, आईचं वय झालंय म्हणून, त्यांना जाऊन सांग."

भाऊजींनी सभोवार पाहिलं. ती माणसं केव्हाच पांगली होती. शेजारच्या टेबलावर कोणी बासरी विकत होतं, तिथे वेगळीच गर्दी होती. सासूबाईंनी नजर हटवली नाही. तेव्हा ते निघाले, दालनभर फिरले, दारापर्यंत गेले आणि तसेच परत आले. हसलेल्या माणसांतला एकही चेहरा त्यांना आठवत नव्हता.