डोहाचा जामीन

बेळगावचं वनपाणी मंडळ म्हणजे टिळकवाडीतले डॉक्टर आणि मास्तर, कॅम्पातले एक निवृत्त मेजर आणि सेक्रेटरी म्हणून धर्मराज वकील. रविवारी गळ्यात दुर्बीण अडकवून जांबोटीच्या रानात पाखरं बघायची आणि वनखात्याला अर्ज धाडायचे, यापलीकडे या मंडळींनी कुणाचं कधी वाकडं केलं नव्हतं. पण जांबोटीच्या वरच्या रानात, सातेरीच्या डोहाशेजारी मँगनीजसाठी चाचणीचे खड्डे पडले आणि पाखरं बघणाऱ्यांची झोप उडाली. त्या डोहातून निघणारा ओढा खालच्या सगळ्या वाड्यांना पाणी पाजायचा.

त्र्याऐंशीची निवडणूक तोंडावर होती. आमच्या सीमाभागात मत कुणाला द्यायचं ते भाषा ठरवते. पाण्याच्या बाजूनं कोण, असं कुणी विचारलंच नव्हतं. मंडळानं ते सगळ्या उमेदवारांना विचारलं. बाकीच्यांनी हसून विषय बदलला. एकट्या मारुतीरावांनी छाती ठोकून सांगितलं, "मी असेतो तिथं खाण होणार नाही." मंडळानं त्यांना जाहीर पाठिंबा द्यायचं ठरवलं. पत्रक डोहावरच, वाडीतल्या माणसांसमोर वाचायचं.

सगळे जमले तेव्हा वाडीची म्हातारी सोनुबाई पुढं आली. "कागद वाचा, न्हाय म्हणत न्हाय. पर हितं शब्द द्येणारा पाण्यात हुबा ऱ्हातोय, आनि त्येचा हात धरून जामीन हुबा ऱ्हातोय. शब्द मोडला तर पाणी जामिनाला धरतंय."

"शब्द मोडणाऱ्याला का नाही धरत?" मेजरांनी हसत विचारलं.

"लबाडाला पाणी शिवतच न्हाय, सायेब. मग धरणार कसं?"

जामीन कोण, म्हणताच सगळ्यांच्या नजरा धर्मराजकडं वळल्या. कोर्टात त्यानं ढिगानं जामीन मिळवून दिले होते. बापानं छप्पन साली बुद्धाची वाट धरली, तेव्हापासून घरात देव नाही की नवससायास नाहीत. असल्या शपथेला तो एरवी हसला असता. पण सोनुबाई म्हणाली, "तू लक्ष्मीबाईचा ल्योक न्हवं? उतर की रं बाळा." त्याच्या आईला या डोहात कधी घागर बुडवू दिली नव्हती. ती खाली, म्हशी डुंबतात तिथलं पाणी भरायची. आज तीच वाडी तिच्या लेकाला बोलावून पाण्यात उतरवत होती. धर्मराजला अभिमान वाटला, खोटं कशाला सांगा. त्यानं बूट-मोजे काढले.

पाणी असं गार की हाडात कळ गेली. मारुतीराव मात्र धोतर वर धरून ऐटीत उभे. "गार कुठं आहे हो वकीलसाहेब?" असं म्हणून त्यांनी धर्मराजचा हात घट्ट धरला आणि खड्या आवाजात शपथ घेतली. तेवढा वेळ रानात एक पाखरू बोललं नाही. मेजरांनी दुर्बीण डोळ्यांना लावली आणि खाली घेतली.

दोघं बाहेर आले. काळ्या खडकावर धर्मराजची ओली पावलं उमटली. शेजारी मारुतीरावांची उमटली नाहीत. त्यांच्या पोटरीवर वाटेतली तांबडी धूळ होती तशीच होती, कोरडी. धर्मराजनं मान वर केली. सोनुबाई त्याच्याकडंच बघत होती.

तेव्हाच बोलायला हवं होतं. पण बोलणार काय? उमेदवाराचे पाय कोरडे आहेत म्हणून मंडळ पाठिंबा काढून घेतंय? अख्खं बेळगाव हसलं असतं. शिवाय लोक टाळ्या वाजवत होते, आणि त्यातल्या काही त्याच्यासाठी होत्या. त्यानं पत्रक काढलं आणि वाचलं.

घरी आला तर पाय ओलेच.

"अहो, पुसून या की," बायको जयाबाई करवादली, "फरशी बघा जरा." त्यानं पुसले. ते पुन्हा ओले. मंडळातल्या डॉक्टरांनी घामाचं निदान केलं आणि पावडर दिली. कोर्टात त्याचे बूट पचपच वाजायला लागले, तशी पक्षकारांनी जवळ बसणं सोडलं.

मारुतीराव निवडून आले. गुलाल बसायच्या आत त्यांची भाषा बदलली. रानातल्या पोरांना काम नको का, असं ते विचारू लागले. खाणीला परवानगी मिळाली. मंडळानं तारा केल्या, धर्मराज बंगल्यावर खेटे घालून आला, उत्तर आलं नाही. ज्या दिवशी वर पहिला सुरुंग उडाला, त्या दिवशी जयाबाईच्या पांढऱ्या फरशीवर धर्मराजची पावलं तांबडी उमटली. ती करवादली नाही. फडकं घेऊन पुसत राहिली.

ऐन उन्हाळ्यात तो जांबोटीला उतरला आणि चालत वर गेला. सातेरीचा डोह कोरडा ठाक पडला होता. तळाच्या गाळाला भेगा गेल्या होत्या. काठावर बायका रिकाम्या घागरी घेऊन बसल्या होत्या. त्याला बघून कुणालाही नवल वाटलं नाही.

"आक्का, मी हायकोर्टात जातो," तो घाईघाईनं म्हणाला. "स्थगिती आणतो. मी..."

"बूट काढ," सोनुबाई म्हणाली.

त्यानं काढले.

"हितं हुबा ऱ्हा. खडकावर."

तो उभा राहिला. तळव्यांखालून पाणी पाझरलं. आधी तांबडं, मग गढूळ, मग हळूहळू नितळ. खडकावरून ओघळून ते खालच्या खळग्यात साचायला लागलं. एक बाई वाटीनं भरून घागरीत ओतू लागली. मागं सरावं म्हणून धर्मराजनं पाय उचलला, तशी धार तुटली. वाटी खळग्याच्या तळावर खरडली.

"हालू नगं रं बाळा," सोनुबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "लई जणी हायती अजून."

त्यानं खाली बघितलं. वळणापर्यंतच्या वाटेवरून वाड्यावाड्यांच्या बायका डोक्यावर रिकाम्या घागरी घेऊन वर येत होत्या. जांबोटीकडून परतीच्या गाडीचा हॉर्न ऐकू आला. धर्मराजनं उचललेला पाय परत खडकावर ठेवला.