बर्फातली सापसुरळी

विनोद सरांनी सकाळीच बर्फ मागितला, तेव्हा नीलिमाला वाटलं, पाण्याच्या बाटल्या गार करायच्या असतील. उन्हाळा चंद्रपूरचा आणि माणूस शहरातला. मासे धरणाऱ्या ढिवरांच्या घरात बर्फाला काय तोटा! मूल गावच्या बाजारात मासे न्यायचा थर्माकोलचा डबाच तिनं कौतुकानं त्यांच्या हाती दिला.

कौतुक का नसावं? सापसुरळ्यांचे फोटो काढणारा एवढा नावाजलेला माणूस तिच्या तलावावर आला होता. तलावाच्या बांधावरच्या, पाळीवरच्या दगडाखालची ती तुळतुळीत मादी नीलिमानं उन्हाळाभर लांबूनच मोबाइलवर टिपली होती. आता तिच्या पोटात अंडी होती. सापसुरळी चाटली की माणूस मरतो म्हणून दिसेल तिथं काठी घालणाऱ्या सासऱ्यांना, नानाजींना, तिनं भांडून भांडून वळणावर आणलं होतं. आता तेही जाळं नेताना त्या दगडाला वळसा घालायचे.

ती चहा घेऊन पाळीवर आली, तर दगड उलथलेला. सर डब्याचं झाकण दाबून बसलेले.

“सर, सापसुरळी कुठी हाय?”

“आत. फार पळते हो. घाबरू नका, मरत नाही. फक्त गप पडते. मग पानावर ठेवू तशी राहते. सगळे असंच करतात.”

नीलिमाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हाच माणूस काल ओसरीवर बसून जंगलाला हात लावू नका म्हणून प्रवचन झोडत होता! मेल्याला लाज कशी ती नाही. तिनं चहा तिथंच आदळला आणि झाकण उपटलं. सापसुरळी बर्फावर काटकीसारखी पडली होती. तिनं ती ओंजळीत घेतली आणि उन्हात बसली.

“हात नोको लावू वं तिले!” जाळं टाकायला उतरलेले नानाजी पाण्यातूनच ओरडले.

“लावला ना मामाजी आता.”

“अहो, पानावर ठेवा लवकर,” सर म्हणाले, “ऊन चढतंय!”

तिनं ओंजळ उन्हाकडं धरली. बऱ्याच वेळानं तळहातावर इवली नखं टोचली. तिनं दगड जागेवर बसवला आणि सापसुरळीला कपारीशी सोडलं. ती फरपटत आत गेली. पोटातल्या अंड्यांचं काय झालं, ते कुणालाच सांगता येणार नव्हतं.

मग नीलिमानं चटईवरचा सरांचा कॅमेरा उचलला, बर्फात खुपसला, झाकण लावलं आणि वर ठाण मांडून बसली.

“अहो! काय करताय?”

“घाबरू नोका सर,” ती म्हणाली. “मरत नाई तो. फक्त गप पडते.”