अध्यक्षांची माती

रविवारी तरी माणसाने घरात असावे, एवढीही रीत म्हातारीच्या सुनेला नव्हती. दिसायची, पण असायची नाही. जेवणाच्या टेबलावर मृदाशास्त्र संस्थेचे कागद पसरून अशी बसायची, की तिसऱ्या हाकेला "हं" यायचा, तोही कागदाकडे बघून.

"पगार देते प्रयोगशाळा आणि राबतेस संस्थेसाठी. लष्कराच्या भाकऱ्या नुसत्या!"

"स्वेच्छेने करते, आई."

"स्वेच्छा तुझी, भांडी माझी."

अशी बारा वर्षे गेली. अधिवेशनात खुर्च्या मांडा, बिल्ले वाटा, अंकासाठी आलेले लेख तपासा. वर संस्थेतर्फे लोकांच्या बागांची माती फुकट तपासायची, तिचे ट्रे गॅलरीत आठ-आठ दिवस सावलीत वाळत पडलेले. एकदा पाहुणे यायचे होते म्हणून म्हातारीने आठ ट्रे एकेक करून ओव्हनमध्ये घातले आणि माती एका दुपारी खडखडीत करून दिली. शाबासकी राहिली बाजूला, सुनेने आठही ट्रे कचऱ्यात उलटे केले. "भाजलेल्या मातीचे आकडे खोटे येतात," म्हणाली, आणि आठ दारी माफी मागत पुन्हा माती आणायला गेली. म्हातारीने आठवडाभर अबोला धरला. मनात मात्र म्हणाली, बाई खमकी आहे. तोंडाने कधी बोलली नाही. सुना अशाने डोक्यावर बसतात.

आज दारात संस्थेचे अध्यक्षच उभे राहिले. सुनेचे जुने प्राध्यापक. पोट आधी आत आले, मागून ते.

"आजी, पाणी मिळेल?"

आजी! हा बाप्या फार तर चार वर्षांनी लहान असेल. म्हातारीने पाणी आणले, पण पेला जरा आपटूनच ठेवला.

त्यांचा लेख वार्षिक अंकासाठी आला होता आणि सुनेने त्यावर "छापू नये" असा अभिप्राय लिहून ठेवला होता. तपासणाऱ्याचे नाव गुप्त असते म्हणे. त्या संस्थेत गुप्त म्हणजे फक्त छापील कागदावर.

"निम्मे नमुने भट्टीत वाळवलेत, सर," सून म्हणाली. "तारखाच सांगतात. सावलीत एका दिवसात माती वाळत नाही."

"अगं, घाई झाली. नायट्रोजन थोडा इकडे-तिकडे."

"त्या आकड्यांवर लोक शेतात खत टाकतील."

अध्यक्षांनी आवाज खाली आणला. "सचिवपदासाठी तुझंच नाव घालणार होतो मी. बारा वर्षं खुर्च्या मांडल्यास, आता मंचावर बसायची वेळ आली. पण समितीत लोक विचारतात, हिला जुळवून घेता येतं का?"

म्हातारी दारातूनच म्हणाली, "भट्टीत का हो घातली? पाहुणे यायचे होते?"

"आजी, हे शास्त्र आहे."

"असेल. पण भाजायला ओव्हन माझ्याकडेही आहे."

"आई, तुम्ही आत जा."

सून इतक्या कोरड्या आवाजात कधी बोलली नव्हती. म्हातारी आत गेली, कान बाहेर ठेवून. मग पेनाचा आवाज, खुर्ची सरकल्याचा आवाज आणि "येतो, सचिवबाई."

ती बाहेर आली तेव्हा सून कागद एकावर एक लावत होती, कडा जुळल्या तरी लावतच होती. म्हातारीने वरचा कागद ओढला. शाळेने तिला फार काही दिले नव्हते, पण अक्षराला अक्षर लावता येत होते. "छापू नये" वर आडवी रेघ होती. खाली ताजे लिहिले होते: किरकोळ दुरुस्त्या करून छापावा.

"किरकोळ?"

"एका लेखाने काय होतं, आई? सचिव झाले की नियमच कडक करीन. बारा वर्षं केलंय मी. बारा वर्षं!"

ही आता भांडेल, मला चार शब्द सुनावेल, कागद हिसकावून घेईल, म्हणून म्हातारी थांबली. आयुष्यात पहिल्यांदा तिला सुनेने उलट बोलायला हवे होते. सून उरलेल्या कागदांच्या कडा पुन्हा जुळवू लागली.

म्हातारीने कागद तिच्यापुढे ठेवला.

"हो सचिव. बस मंचावर. पण दुसऱ्याची चूक काढायचा तुझा हक्क आज गेला. यापुढे माझीसुद्धा काढायची नाही."