वरवरचा डाग

मी एक जुनी कोळशाची इस्त्री आहे, आणि मित्रांनो, मी काहीही विसरलेले नाही.

एका ओतकाम करणाऱ्या कारागिराने मला पितळेत घडवले. चाळीस वर्षे मी बोळातल्या इस्त्रीच्या छोट्या दुकानात एका आजोबांच्या हातात होते. पुढे त्यांची लेक दुकान पाहू लागली, ती माझी मालकीण. आजोबा कोपऱ्यात बसून घड्या तपासत.

एकदा मालकिणीच्या हातून एका प्रोफेसरांच्या शर्टाची कॉलर किंचित पिवळी झाली.

"सर, लिंबू लावून काढून देते," ती म्हणाली.

प्रोफेसरांनी शर्ट भर दुकानात फडकवला. "याला सिंज म्हणतात, सिंज! पण अंगठाबहाद्दरांच्या घराण्याला शब्द कुठून कळणार?"

मग त्यांनी मला ढकलून दिले. मी फरशीवर आपटले, माझी मूठ चिरली. आजोबा मान खाली घालून उठले. त्यानंतर ते दुकानात आलेच नाहीत.

मालकिणीने रद्दीवाल्याकडून जाडजूड शब्दकोश आणला. शाळेतले अर्धेमुर्धे इंग्रजी पणाला लावून तो शब्द शोधला आणि मोठ्याने वाचला. सिंज म्हणजे वरवर, हलकेच भाजणे. मूळ जुन्या इंग्रजीतले 'सेंगन'. काही जाणकारांच्या मते त्याचे गाण्याशी नाते आहे. भाजताना वस्तू चर्र करते, म्हणून सेंगन म्हणजे तिला गायला लावणे.

वर्षभराने प्रोफेसर सत्काराचा पांढरा कोट घेऊन धापा टाकत आले. "तासाभरात हवा!"

मालकिणीला त्यांनी ओळखलेही नाही. याचाच मला जास्त संताप आला. माझ्या पोटात निखारे फुलले होते. कोटाच्या पाठीवर टेकताच मला आरपार भोक पाडायचे होते. पण मालकिणीने मला टेकवून नेमका एक श्वास मोजला आणि उचलले.

सत्कार झाला. प्रोफेसर लोकांकडे पाठ करून खुर्चीकडे वळले, पाठीवरचा माझ्या आकाराचा पिवळा डाग दिसला, आणि अख्खे सभागृह खो-खो हसले.

दुसऱ्या दिवशी ते कोट घेऊन दुकानात आले. "माझा कोट जाळलास!"

"जाळला नाही, सर. सिंज केला. सेंगन म्हणजे गायला लावणं, असं म्हणतात. काल सभागृह गायलं ना?"

ते कोट तिथेच टाकून गेले. मालकिणीने तो घरी नेऊन आजोबांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावला, डागावरून सावकाश बोट फिरवले.

"कडा सुबक आलीय," ते म्हणाले.

आता दुकानात विजेची इस्त्री आहे. मी फळीवर धूळ खाते. मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा, आणि त्या वापरणाऱ्या हातांना त्याहून जास्त. तेवढे जमत नसेल, तर आपले कपडे आपणच इस्त्री करा.