तोंडात टाचण्या

डॉक्टरांनी गोळी पुढं केली आणि मी सरळ सांगितलं, "ती परत बाटलीत घाला."

"ताई, रोज मुखवटा चढवायचाय. भीतीवर काहीतरी उपाय नको का?"

"भीतीला दिलेलं हातांनाही लागतं, डॉक्टर."

नवरा गेला तेव्हा अशाच गोळ्या घेतल्या होत्या मी. भीती झोपली, तिच्यासोबत हातही झोपले, आणि मशीनची सुई नखातून आरपार गेली. शिवणकाम करणारी बाई मी. बोटंच गेली तर मी आणि कपाटातला हँगर, फरक काय राहिला?

माझ्या घशात गाठ आहे. ती जाळायला रोज किरण द्यायचे आणि ते नेमके तिथंच पडावेत म्हणून मान तसूभरही हलता कामा नये. त्यासाठी तो मेला मुखवटा. प्लास्टिकची जाळी गरम पाण्यात मऊ केली, माझ्या चेहऱ्यावर ओढली, गार झाल्यावर ती दगडासारखी घट्ट झाली. आता रोज तीच चढवायची आणि कडेनं टेबलाला खटाखट अडकवायची. वर दातांत धरायला एक ठोकळा. पापणी उघडायला गेलं तर जाळीला घासते. फिटिंग म्हणाल तर एक नंबर, पण माया नाही. आम्ही शिवणीच्या आत बोटभर कापड जादा ठेवतो, पुढं अंग भरलं तर उसवून सैल करता यावं म्हणून. त्याला माया म्हणतात. त्या मुखवट्यात दोऱ्याइतकीही नव्हती.

पहिल्या दिवशी किरणांचं मशीन चालवणारा उंच माणूस, मी त्याला लंबू म्हणते, "काकू, हलू नका हं," म्हणून बाहेर गेला. माझ्या हातात एक रबरी फुगा दिला होता. तो दाबला की घंटा वाजते आणि सगळं थांबतं. जाड दार बंद होतंय न होतंय तोच मी तो दाबला. दुसऱ्या दिवशीही तेच. छाती अशी उडत होती की वाटलं, गाठ राहिली बाजूला, हीच मला घेऊन जाणार.

"असे दिवस बुडवले तर गाठ तुमच्यासाठी थांबणार नाही," डॉक्टर म्हणाले. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांचा आवाज मऊ होता.

लेकीनं मग एक संमोहनवाली शोधून काढली. "आई, गोळी नाही, सुई नाही. नुसतं बोलणं."

"नुसत्या बोलण्यानं भीती गेली असती तर तुझ्या आत्यालाच दवाखाना काढून दिला असता," मी म्हटलं. पण गेले. जाते कुठं? अडला हरी!

ती बाई सगळंच हळू सांगायची. श्वास हळू, खांदे हळू, जबडा हळू. मी मनातल्या मनात तिचं नावच हळूबाई ठेवलं. ती मला समुद्रावर न्यायला लागली. मला समुद्र आवडत नाही, चपलेतली वाळू दोन दिवस निघत नाही. मी डोळे मिटूनच म्हटलं, "बाई, मला आपली माझ्या शिलाईच्या मशीनवर सोडा." तिनं सोडलं. आणि खरं सांगते, जमलं. ती झोप नव्हती. कामात असताना बाहेर कोणी हाक मारतंय हे ऐकू येतं, पण उठावंसं वाटत नाही, तसं काहीतरी.

तिच्याकडून आल्याच्या दुसऱ्या दिवशी मुखवट्यात मी मनातल्या मनात कोटाची बाही जोडायला घेतली. छाती शांत, हात ऊबदार. मी मनात म्हटलं, जिंकलीस गं बाई. तेवढ्यात खाडकन दार उघडलं.

"काकू, पाय कसले मारताय? सगळं अंग हलतंय तुमचं!"

मी पायडल मारत होते! घ्या आता. हसावं की रडावं तेच कळेना. मुखवटा काढल्यावर मी रडलेच. डॉक्टर म्हणाले, "उद्या शेवटचं. नाही जमलं तर गोळी घ्यायची, मग वाद नको."

तिथून तडक हळूबाईकडं गेले आणि तिच्यावर तोंडसुख घेतलं. ती आधी पायडलचं ऐकून पोट धरून हसली, मग म्हणाली, "काम नको मग. काम म्हटलं की तुमचं अंग उठतंच. आज नुसतं उभं राहायचं. डोळे मिटा. जिथं तुमच्यावर माया होती, तिथं जा."

तिला म्हणायचं होतं प्रेम. पण मी पडले शिवणारी. मला माया म्हणजे कापडच सुचलं, आणि मी थेट एका पिवळ्या फ्रॉकच्या शिवणीत जाऊन पोचले. मी लहान, स्टुलावर उभी. आई खाली गुडघ्यांवर बसून घेर टाचतेय. तिच्या तोंडात टाचण्या. टाचण्या तोंडात असल्या की आईकडं दोनच शब्द उरायचे, हं आणि अंहं.

आज पुन्हा मुखवटा. खटाखट. दार बंद. भीती आलीच, ती काही कुठं गेलेली नव्हती. बोटं फुग्यावर गेली. मग मी स्टुलावर चढले. फ्रॉक सगळीकडून टाचलेला, जरा हलले की टोचणार.

"काकू, ठीक आहात ना?" भिंतीतल्या स्पीकरमधून लंबूचा आवाज.

ठोकळा दातांत धरून मी म्हटलं, "हं." तो आवाज अगदी आईचाच निघाला.

मशीन घरघरत डोक्यावरून फिरायला लागलं आणि मधेच गप्प झालं. "काकू, जरा अडलंय. वेळ लागेल. मुखवटा काढू का? पण काढला तर आजचं राहिलं."

माझा जीव ओरडत होता, काढ, काढ, काढ. अंगठा फुग्यावर टेकलेलाच होता.

"अंहं," मी म्हटलं.

 जाळीतून दिवा दिसत होता, बाकी काही नाही. लाळ घशाखाली उतरेना. आई कमरेच्या शिवणीला आली होती. तिनं कापड आत दुमडलं, अजून दुमडलं, बोटभर, मग दोन बोटं.

"एवढी माया कशाला गं ठेवतेस, आई?"

ती टाचत राहिली.

"मी अजून वाढणार आहे का?"

तोंडात टाचण्या होत्या. मान वर न करता ती म्हणाली, "हं."

मी हलले नाही.